क्लाइनोड म्हणजे 'छोटा दागिना' का?

ओवी: व्हिएन्नाच्या हॉफबुर्ग राजवाड्यातल्या खजिन्यावरचा एक जर्मन मजकूर मराठीत आणतेय आणि 'राइक्सक्लाइनोडिएन'वर अडकलेय. राइश म्हणजे साम्राज्य, क्लाइन म्हणजे लहान, म्हणून 'साम्राज्याचे छोटे दागिने' लिहिलं. पण त्यात आठ पत्र्यांचा अख्खा मुकुट आहे, राजदंड आहे, वर एक भाला पण आहे, भाल्याला दागिना कसं म्हणू?

म्युनिककर: क्लाइनचा आजचा अर्थ बाजूला ठेवा. जुन्या जर्मनमधे क्लाइन म्हणजे चकचकीत, मग नाजूक, आणि तिथून घसरत घसरत लहान. इंग्रजीतला क्लीन त्याचाच भाऊ. म्हणजे क्लाइनोड ही नाजूक कारागिरीची वस्तू झाली, आकाराचा काही संबंध नाही.

जुनावाडा: आणि ओड म्हणजे मालमत्ता, 'आलोड' म्हणजे पूर्ण मालकीची जमीन, त्यातला. आमच्या जर्मनच्या बाईंनी असंच शिकवलेलं.

म्युनिककर: नाही हो, तो ओड वेगळा. हा नुसता प्रत्यय आहे, आर्मुट म्हणजे गरिबी, त्यातला उट याच घराण्यातला. मुळात क्लाइनोड जोडशब्दच नाही, राइश लागल्यावर होतो. आणि अनेकवचन दोन आहेत, क्लाइनोडं आणि क्लाइनोडिएन. दुसरं लॅटिन 'क्लेनोडियुम'वरून आलं, म्हणजे लॅटिनने जर्मनकडून शब्द नेला आणि शेपूट लावून परत केला!

जुनावाडा: बाई तीस वर्षं शिकवत होत्या, मला नाही पटत.

शब्दवेडा: सरळ 'राजचिन्हे' लिहा. १४२४ पासून १७९६ पर्यंत हे सगळं न्युर्नबर्गने जपलं, ते नटायला नव्हे, सम्राटाच्या राज्याभिषेकासाठी.

ओवी: पण मग क्लाइनोडमधला जपून ठेवलेल्या ऐवजाचा भाव जातो ना. 'राजजवाहीर' कसं वाटतं?

शब्दवेडा: जवाहीर अरबी-फारसी. मराठीत रत्न असताना कशाला?

कोल्हापूरची: मग तुमचा ऐवज, जिन्नस पण काढून टाका, उरेल काय? माझी आजी पत्र्याच्या डबीत एक फुटकी बुगडी, जोडवी आणि चार सोन्याचे मणी ठेवायची, त्याला 'माझं किडुकमिडुक' म्हणायची, आणि डबी उघडताना आधी हात पदराला पुसायची. क्लाइनोडला हाच शब्द जवळचा वाटतो मला, लहानही आणि जिवापाड जपलेलंही.

शब्दवेडा: सम्राटाच्या मुकुटाला किडुकमिडुक?

जुनावाडा: भाल्याचं म्हणाल तर दागिना चालेल की. आमच्याकडे सामान मोजताना पाच दागिने म्हणजे पाच नग, त्यात वळकटी पण आली.

कोल्हापूरची: हो, आणि सोन्याला आमच्याकडे नुसतं डाग म्हणतात, 'डाग मोडून बैल घेतला'. डाग आणि दागिना एकच का?

जुनावाडा: एकच. डागडागिने म्हणतोच की आपण.

म्युनिककर: जोडीने येतात म्हणून मूळ एक कसं ठरेल?