जुडिथ केर आणि रेमंड ब्रिग्ज

२०२१ मध्ये निवर्तलेल्या आणि मुलांसाठी चित्रपुस्तके करणाऱ्या एरिक कार्ल यांच्या खादाड सुरवंटाची, त्याने पानापानांवर पाडलेल्या भोकांसह, बालपुस्तकांच्या गप्पांत आठवण निघतेच. त्यांच्यासारख्याच दिवंगत लेखक-चित्रकारांत आणखी दोन नावांची भर घालावीशी वाटते.

जुडिथ केर २०१९ मध्ये, वयाच्या ९५ व्या वर्षी गेल्या. नाटकांचे समीक्षक असलेल्या वडिलांच्या जिवाला नाझींकडून धोका असल्यामुळे १९३३ मध्ये त्यांच्या कुटुंबाला जर्मनी सोडावी लागली, आणि त्या पळापळीत मागे राहिलेला गुलाबी ससा पुढे त्यांच्या कादंबरीच्या शीर्षकात आला. मला मात्र त्यांचे धाडस मॉग या विसरभोळ्या मांजरीच्या गोष्टींत अधिक दिसते. १९७० पासून मुलांची लाडकी असलेली ही मांजर त्यांनी २००२ च्या पुस्तकात चक्क मरू दिली, आणि तेही आडवळणाने नव्हे, तर पहिल्याच पानावर. त्यानंतर घरातली माणसे कशी रडतात आणि नव्या पिल्लाला कशी हळूहळू सरावतात, हे मॉगच वरून पाहत राहते.

रेमंड ब्रिग्ज २०२२ मध्ये गेले. त्यांच्या १९७८ च्या ‘द स्नोमॅन’मध्ये कथा सांगणारा एकही शब्द नाही, सगळी गोष्ट रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या लहान-लहान चौकटींतून पुढे सरकते. १९८२ च्या चित्रपटात घातलेली फादर ख्रिसमसची भेट मूळ पुस्तकात नाही, आणि मला तरी ती उपरीच वाटते. त्यामुळे ज्यांनी केवळ चित्रपट पाहिला आहे, त्यांनी पुस्तक अवश्य मिळवावे.