मदत हवी आहे : जिनिंगमधल्या रोजच्या कामाची पद्धत जानेवारीत कशी बदलता?

नमस्कार मंडळी. मी पांढरकवड्याकडच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायच्या कारखान्यात, सुपरवायझर आहे. सीझनच्या सुरुवातीला ठरवलेली कामाची पद्धत अजून तशीच चालू आहे, पण कापूस मात्र बदलला. तेव्हा पहिल्या वेच्याचा स्वच्छ माल होता. आता फरदड येतेय, म्हणजे मुख्य वेचे संपल्यावर त्याच झाडांना पुन्हा आलेला कापूस; त्यात पत्ती आणि कवडी (किडका, नीट न उमललेला कापूस) जास्त. थंडीत दव पडतं, म्हणून सकाळच्या गाडीचा ओलावा दुपारपेक्षा जास्त निघतो. तरी आमच्याकडे मीटर एकदाच लावतात, तेही वरच्या थरात. ओला माल गंजीत गेला की आतून तापतो, सरकीही खराब होते.

मला खरी काळजी आगीची आहे. कापसासोबत खडा किंवा खिळा आत गेला की ठिणगी पडते. वरून विझलेली रुई आतून धुमसत राहते, गाठ बांधल्यावरही. चुंबकाला चिकटलेलं लोखंड कोणी आणि कधी काढायचं, पाळी बदलताना बेअरिंगला हात लावून कोण पाहणार, हे आमच्याकडे कुठंच लिहिलेलं नाही.

तुमच्याकडे ही कामं कोणाच्या नावावर असतात? पाळी सोपवायच्या रजिस्टरमध्ये काय काय लिहिता? आणखी एक, नियम ठरवताना मुकादमासोबत झाडणाऱ्या बायांनाही बसवावं असं मला वाटतं. खडा-खिळा सगळ्यात आधी त्यांनाच दिसतो. कोणी असं केलं असेल तर सांगा. रजिस्टरच्या पानाचा फोटो टाकला तर फारच बरं होईल. संक्रांतीनंतर मालकांसमोर मांडायचं आहे.