वणव्याच्या पट्ट्यात राहून शेल्टरमधली मांजरं घरी आणावीत का?

रानजाई (धागाकर्ती)

विषय आमच्या घरचाच आहे. घरात माणसं दोन आणि मतंही दोन, त्यामुळे गाडी अडून बसली आहे. तिसरं मत हवंय.

आम्ही कॅलिफोर्नियात, एल डोराडो काउंटीत, प्लॅसरव्हिलच्या वरच्या अंगाला राहतो. भोवती ओक आणि पाईनचं रान, हायवे ५० ला उतरायला एकच अरुंद रस्ता. ऑगस्ट २०२१ मधला कॅल्डोर वणवा याच काउंटीत लागला. ग्रिझली फ्लॅट्स हे गाव दोन-तीन दिवसांत जवळपास सगळं गेलं आणि महिनाअखेरीस साऊथ लेक टाहो अख्खं रिकामं करावं लागलं. आमच्यापर्यंत आग आली नाही, पण बॅगा भरल्या होत्या. पुढे विमा कंपनीने नूतनीकरण नाकारलं. आता इथल्या पुष्कळांसारखे आम्हीही फेअर प्लॅनवर आहोत, म्हणजे बाकी कुणीच दारात उभं करत नाही तेव्हा मिळतो तो विमा. महाग आणि तुटपुंजा. सांगायचं एवढंच, की भीती मनातली नाही.

आता मांजरं. शेल्टरमध्ये एक बोका आणि त्याची बहीण आहेत, नऊ वर्षांची. मालकीणबाई वृद्धाश्रमात गेल्या, तिथे प्राणी चालत नाहीत. दोघांना एकत्रच द्यायचं, अशी शेल्टरची अट आहे. पिल्लं आली तशी उचलली जातात. ही दोघं मागच्या कप्प्यात लोकांकडे पाठ करून बसलेली. बोका निदान हात तरी हुंगतो. भाटी माणूस दिसला की पांघरुणाखाली. मला दोघांना आणायचंय. नवरा म्हणतो, आपल्यालाच कधी पळावं लागेल याचा नेम नाही, तिथे आणखी दोन जीव कशाला?

"किती गोड, घेऊन टाका" हा प्रतिसाद कृपया नको.

बोकोबा

घेऊन टाका. (गोड म्हटलेलं नाही.)

नऊ वर्षांच्या जोडीला कोण विचारतंय? आणि ते शेल्टर तरी कुठे आहे? त्याच काउंटीत. तुम्ही नेली नाहीत म्हणून ती काही वणव्यापासून लांब जाणार नाहीत. उलट वणवा लागला की शेल्टरच्या दारात एकदम शेकडो जनावरं येतात. जानेवारी २०२५ मध्ये ईटन वणव्यात लॉस एंजेलिसजवळचं अल्टाडीना जळलं, तेव्हा पासाडीनाच्या शेल्टरला आधीपासून असलेली दत्तकयोग्य जनावरं दुसऱ्या शेल्टरांत पाठवून जागा करावी लागली. तुम्ही आज रिकामा केलेला पिंजरा त्या दिवशी कुणाच्या तरी कामाला येतो.

स्पष्टवक्ता

असहमत. शेल्टरमधली मांजर आधीच पिंजऱ्यात असते. तिथे गाड्या असतात, कुणी काय उचलायचं हे ठरलेलं असतं. तुमच्या घरातली मांजर पलंगाखाली कोपऱ्यात, आणि तुम्ही जमिनीवर पालथे पडून "ये ये" करताय. वणव्यापुरतं बोलायचं तर ती आत्ता जिथे आहेत तिथेच जास्त सुरक्षित आहेत.

घरात म्हातारी माणसं असतात, पोरंबाळं असतात, तो नाइलाज. हे तर हौसेने ओढवून घेणं आहे. एवढा जीव असेल तर सॅक्रामेंटोच्या सपाटीवरचं एखादं घर शोधा, औषधपाण्याचा खर्च तुम्ही उचला. माया तुमची, पंजे भाजणार त्यांचे.

वाशिष्ठीकाठ

आमच्याकडे चिपळूणला मांजर कुणी दत्तक घेत नाही, तीच घर बघून माणसं दत्तक घेते. २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची मांजर पत्र्यावर जाऊन बसली, पाणी ओसरल्यावर आपण होऊन खाली आली. पूर येतो म्हणून चिपळुणात कुणी मांजर पाळायचं सोडलं नाही. एवढा विचार अमेरिकेतच होऊ शकतो. (ह. घ्या.)

स्पष्टवक्ता

पुरात पत्रा असतो. वणव्यात पत्राच तापतो.

चिकोकरीण

मी चिकोला राहते. वणव्यात जळालेलं पॅरडाइज गाव इथून अर्ध्या तासावर. ८ नोव्हेंबर २०१८ नंतर कित्येक महिने हरवलेली मांजरं पकडायच्या कामात होते, म्हणून जरा लांब लिहिते.

कॅम्प फायर नावाचा तो वणवा सकाळी साडेसहाच्या सुमाराला लागला आणि आठच्या आसपास गावात शिरला होता. वार गुरुवार. कुणी कामावर पोचलेलं, कुणी वाटेत. ८५ माणसं गेली. मांजरं मागे राहिली ती लोकांची माया कमी पडली म्हणून नव्हे. बऱ्याच घरांत त्या वेळी माणूसच नव्हतं, आणि एकदा ऑर्डर, म्हणजे घर सोडण्याचा हुकूम, निघाली की पोलीस रस्ता बंद करतात. या राज्यात अशा वेळी पत्रकाराला आत जाता येतं, घरमालकाला नाही. नाक्यावर हुज्जत घालणारी, रडणारी माणसं मी पाहिली आहेत. किल्ली हातात, मांजर चार मैलांवर.

पुढचं सांगते. जगलेली मांजरं रस्त्याखालच्या मोऱ्यांत लपली होती. आम्ही मोरीच्या तोंडाशी सापळा लावायचो, आत मॅकरेलचा डबा, वर झाडाला कॅमेरा. रात्री अडीच-तीनला एखादं यायचं. मिशा जळून आखूड झालेल्या, कानांची टोकं नाहीत, चालताना पंजा टेकवत नाही. पुष्कळशी आपल्याच घराच्या जागी परत यायची, म्हणजे उरलेल्या चौथऱ्यावर. काही वर्षभरानंतरही सापडली आणि घरी गेली. जी गेली नाहीत त्यांतल्या अनेकांना कातडीखाली ओळखीची चिप होती हो, पण तिच्या नोंदीतला फोन नंबर जळलेल्या घरातला लँडलाइन.

तेव्हा "आणावीत का" याच्या आधी माझा एकच प्रश्न: मंगळवारी सकाळी अकरा वाजता तुमच्या घरी कोण असतं?

रानजाई

खरं उत्तर देते. मी आठवड्यातून तीन दिवस फॉल्समला ऑफिसात. नवऱ्याची हॉस्पिटलची पाळी. निदान दोन दिवस घरी कुणी नसतं. शेजारी एक निवृत्त जोडपं आहे, बकऱ्या पाळतात, दिवसभर घरीच. आपल्या दाराला नंबरचं कुलूप आहे, त्यांना नंबर देता येईल.

बोकोबा

मग प्रश्न सुटला की!

स्पष्टवक्ता

सुटला? परक्या माणसाला पाहून पांघरुणाखाली जाणारी भाटी शेजारच्या आजोबांच्या हाती लागणार? धुरात? दहा मिनिटांत?

पशुवैद्य

भारतात शिकलो, आता इकडे मांजरांचा दवाखाना आहे. भावनेचं राहू द्या, व्यवहाराचं सांगतो.

लपण्याचा मुद्दा बरोबर आहे, आणि लोकांना वाटतं त्याहून वाईट आहे. इकडच्या गादीखाली जो बॉक्स स्प्रिंग असतो त्याला खालून पातळ काळं कापड ठोकलेलं असतं. घाबरलेली मांजर ते नखांनी फाडून आत शिरते. तुम्ही खाली टॉर्च मारता, दिसत कुणीच नाही, आणि ती वर स्प्रिंगांमध्ये. रिक्लायनर खुर्चीचंही तेच. पण हे घर बदलून सुधारतं, मांजर बदलायची गरज नाही. ज्या खोलीत ती राहणार तिथला पलंग काढा किंवा खालची जागा फळीने बंद करा. दोघांच्या दोन पेट्या, वरूनही उघडणाऱ्या. पेटी माळ्यावर ठेवायची नाही, ती कायम उघडी, जमिनीवर, आत जुनी चादर, आणि रोजचं जेवण तिच्यातच. तुमचा बोका जेवणाला आत जायला लागेल. भाटीला वेळ लागेल.

आणि रेड फ्लॅग वॉर्निंग लागली की, म्हणजे कोरडा वारा सुटणार असं हवामान खातं सांगतं त्या दिवशी, कामावर निघण्याआधी दोघांना त्या एकाच खोलीत बंद करायचं. मग शेजाऱ्याला घरभर शोधायचं नाही, फक्त एक दार उघडायचं आहे.

धुराचंही लक्षात घ्या. टब्स (२०१७) आणि कॅम्प फायर या वणव्यांतून आलेल्या ५१ मांजरांची यूसी डेव्हिसने तपासणी केली, ते २०२० मध्ये छापून आलं. निम्म्याहून जास्त मांजरांच्या हृदयावर परिणाम दिसला, काहींमध्ये रक्ताच्या गुठळ्या. ती भाजलेली होती, लांबच्या धुराला हाच हिशेब लावू नका. तरी नऊ वर्षांच्या मांजरांचं हृदय आणण्याआधी तपासून घ्या, आणि धुराच्या दिवसांत त्या खोलीत एअर प्युरिफायर चालू हवा.

माझं मत: आणा, पण आत्ता ऐन उन्हाळ्यात नाही. नव्या घरी आलेली मांजर पहिले काही आठवडे लपूनच असते. ते आठवडे हिवाळ्याच्या तोंडाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर येऊ द्या.

स्पष्टवक्ता

डॉक्टर, ईटन वणवा ७ जानेवारीला लागला. तुमचा सुरक्षित मोसम कुठला?

चिकोकरीण

दक्षिणेकडे त्या हिवाळ्यात तोवर पाऊस जवळपास पडलाच नव्हता. डॉक्टर महिना सांगत नाहीयेत, पाऊस सांगताहेत. कॅम्प फायरही नोव्हेंबरातला, आणि त्या वर्षी आमच्याकडे पाऊस लांबला होता. तारखेवर भरवसा नको, गवत ओलं झालंय का ते पाहायचं.

टेकडीवरचा

मी नवरा. खातं कालच उघडलं. माझी बाजू मांडणारे स्पष्टवक्ता भेटले म्हणून गप्प होतो, पण माझा मुद्दा थोडा वेगळा आहे.

पेट्या, फळ्या, चिप, सगळं कबूल. कॅटिओ, म्हणजे मांजरांसाठी बाहेरचा जाळीचा मांडवसुद्धा बांधू म्हणते ही, लाकडी, भिंतीला लागून. घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत जळणारं काही ठेवू नका म्हणून इथे कानीकपाळी ओरडताहेत, आणि आम्ही तिथेच लाकडाचा मांडव घालायचा. तेही असो, लोखंडी करू.

कॅल्डोरच्या वेळची गोष्ट. सामान गाडीत, मी इंजिन चालू करून बसलेलो, आणि ही परत आत गेली. कशाला? तुळस आणायला. कुंडीसकट. नुसती वॉर्निंग होती, म्हणजे निघायच्या तयारीत राहा एवढीच सूचना, ऑर्डर नव्हती, म्हणून चाललं. तुळशीसाठी मागे फिरणारी बाई मांजरीसाठी किती वेळ आत राहील? माझा आक्षेप मांजरांवर नाही, हिच्या मागे फिरण्यावर आहे.

रानजाई

तुळस अजून हिरवीगार आहे, याची नोंद घ्यावी.

स्पष्टवक्ता

विनोद पुरे. यांनी विचारलंय त्याचं उत्तर द्या. ऑर्डर आली आहे, बोका पेटीत, भाटी सापडत नाही. शेजाऱ्यांच्या गाड्या निघाल्या. तुम्ही निघाल का?

चिकोकरीण

या वेळी स्पष्टवक्तांशी सहमत. तुमच्या होकार-नकारापेक्षा हे उत्तर महत्त्वाचं आहे. मात्र वेळेचं गणित त्यांनी मांडलंय तसंच असायला हवं असं नाही. ज्यांच्याकडे प्राणी आहेत त्यांनी वॉर्निंगलाच निघावं, असं त्या इशाऱ्याच्या मजकुरातच लिहिलेलं असतं. मांजरंवाल्याने ऑर्डरची वाट पाहायचीच नाही. वणव्यांची खबर देणारं वॉच ड्युटी ॲप फोनवर घ्या, रात्री आवाज बंद करू नका. गॅरेजच्या दाराला बॅटरी आहे ना, तेही पाहा. २०१७ च्या वणव्यांत वीज गेल्यावर दारं उघडली नाहीत म्हणून माणसं अडकली, त्यानंतर इथे कायदा झाला, पण जुन्या दारांना ती नसते.

आणि शेवटी मांजर घरात सोडून निघावंच लागलं तर तिला पेटीत कोंडू नका, बांधू नका. भरपूर पाणी ठेवा आणि आत किती मांजरं आहेत ते दारावर लिहा.

बोकोबा

एवढं वाचून कुणी मांजर घ्यायचं धाडस करेल का? लोक घाबरून मागे फिरतील. सगळं परिपूर्ण असेल तरच घ्या म्हटलं तर डोंगरातली शेल्टरं कधी रिकामी व्हायचीच नाहीत.

पशुवैद्य

घाबरून मागे फिरणाऱ्याने घेऊच नयेत. त्यात शेल्टरचंही नुकसान नाही, परत आणून सोडलेली मांजर दुसऱ्यांदा जास्त अवघड जाते.

रानजाई

ठरलं ते सांगते. पहिला चांगला पाऊस झाल्यावर जाऊ, तोवर कुणी सपाटीवरच्यांनी नेली तर मला आनंदच आहे. तोपर्यंत दर आठवड्याला शेल्टरला जाऊन भाटीशेजारी बसेन, तिला माझा वास तरी ओळखीचा होईल. मधली छोटी खोली त्यांची, तिच्यात पलंग नाही. चिपच्या नोंदीत माझा, नवऱ्याचा आणि पुण्यातल्या भावाचा नंबर. हृदयाची तपासणी आधी.

आणि हो, स्पष्टवक्तांचं उत्तर. पाच मिनिटं शोधेन आणि निघेन. हे लिहिताना नवरा मागे उभा राहून वाचतोय.

टेकडीवरचा

वाचलं. विश्वास सत्तर टक्के. फळ्या कापायला घेतो.

स्पष्टवक्ता

माझं मत तेच. नऊ वर्षांची, घाबरट, एकाच रस्त्याच्या घरात, निम्मा आठवडा एकटी. इतकी तयारी शंभरातला एखादा करतो आणि धागा वाचून बाकीचे नव्व्याण्णव फक्त मांजर घेतात. आणि त्या बकऱ्यावाल्या शेजाऱ्यांना कुणी विचारलंय का, की त्यांना परस्पर कामाला लावलंय?

टेकडीवरचा

आज विचारलं. म्हणाले, कुलपाचा नंबर देऊन ठेवा, पण आधी आमच्या बकऱ्या ट्रेलरमध्ये चढणार, मग तुमची मांजरं. आणि बकऱ्या लवकर चढत नाहीत.

तेव्हा आणखी एक नंबर कुणाकडे ठेवायचा ते शोधतोय.