मदत हवी आहे: ब्रेन ट्यूमरच्या ऑपरेशनआधी गाठ गुलाबी दाखवणारं औषध, कुणाला अनुभव?

नमस्कार मंडळी, आम्ही मालवणचे. बाबा ६१ वर्षांचे, सगळा जन्म होडीवर गेला. गणपतीआधीपासून डाव्या हातातून दोर सुटायला लागलेला, आम्ही म्हटलं वय झालं, मग एकदम फिटच आली. एमआरआयमध्ये डोक्यात उजवीकडे गाठ निघाली. मुंबईच्या डॉक्टरांना वरच्या ग्रेडचा ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली झपाट्याने वाढणारी गाठ, वाटतोय, नक्की काय ते बायोप्सीनंतर. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन, कोकणकन्याची तिकिटं काढलीत.

डॉक्टर म्हणाले भूल द्यायच्या तीनेक तास आधी फाइव्ह-एएलए नावाचं औषध पाण्यातून प्यायला देणार, त्याने गाठीच्या पेशींत कसलंतरी द्रव्य साठतं आणि मायक्रोस्कोपचा निळा लाइट मारला की गाठ लालगुलाबी दिसते, म्हणजे कुठवर काढायचं ते कळतं, कारण साध्या उजेडात या गाठीची कड मेंदूसारखीच दिसते म्हणे. बाबा ऐकून म्हणतात, "म्हणजे रातचो समुद्र पेटता तसा काय?" तसं नाही हो, आपसूक नाही चमकत, निळा लाइट लागतोच.

आता अडचण. याचे पैसे पॅकेजच्या बाहेर आहेत. उभे करू, वेळ आली तर होडीचं इंजिन काढू, पण फरक खरंच किती पडतो? मावसभाऊ म्हणतो वहिनीच्या ब्रेस्टच्या ऑपरेशनला हिरवा डाय वापरलेला, तोच का नाही चालत? आणि नंतर ऊन, झगझगीत लाइट टाळा म्हणालेत. हा माणूस पडवीत बसल्याशिवाय चहा पीत नाही, त्याला काळोखात कोंडायचं का?

प्रतिसाद:
आमच्या काकांना दिलं होतं. हिरवा तो आयसीजी नावाचा डाय, ब्रेस्टला तो कातडीखाली टोचतात, चमक इन्फ्रारेड कॅमेऱ्यावरच दिसते, काखेतल्या लसिका ग्रंथी शोधायला वापरतात, काम वेगळं. फाइव्ह-एएलएचं म्हणाल तर २००६ साली छापून आलेल्या जर्मनीतल्या ट्रायलमध्ये ६५ टक्के पेशंटची एमआरआयवर उठून दिसणारी गाठ पूर्ण निघाली, साध्या लाइटवाल्यांची ३६ टक्के. पण आयुष्य वाढलं असं त्यातून ठाम निघालं नाही, हेही माहीत असू द्या. कमी ग्रेडची गाठ बऱ्याचदा चमकतच नाही. आणि चमकली तरी हातापायाच्या हालचालीचा भाग चिकटून असेल तर डॉक्टर तेवढं सोडतात. काळोख नको हो, खोलीतला साधा लाइट चालतो, फक्त ऊन आणि प्रखर दिवा नको, आम्हाला ४८ तास सांगितलेले. चालू गोळ्या, अँटिबायोटिक सगळं डॉक्टरांना दाखवा, काहींनी कातडी उन्हाला अजून हळवी होते.

धागाकर्ता:
खूप आभार ताई. हालचालीच्या भागाचं तुम्ही म्हणालात, बाबांच्या डाव्या हातामुळे तिथेच माझा जीव अडकलाय, गाठ त्या भागाला चिकटली असेल तर चमकूनही किती सोडणार ते उद्या फोनवर विचारतो, मगच इंजिनाचं बघू. वॉर्डात खिडकीजवळची खाट नको हे मात्र आत्ताच सांगून ठेवतो.