मेन कून माणूसघाणं नसतं
मेन कून (लांब केसांच्या मोठ्या मांजरांची एक जात) मांडीवर येत नाही म्हणजे ते माणूसघाणं, असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. ही मांजरं मांडीवर कमी बसतात, पण खोलीखोलीतून मागे फिरतात, शेजारी पसरतात आणि म्याव करण्यापेक्षा घशातून चिवचिवतात जास्त. पूर्ण वाढीला ३ ते ५ वर्षं लागतात. बोका ६-८ किलोचा झाला तरी खोड्या पिल्लाच्याच.

शांत बोका अचानक पंजा मारू लागला, तर आधी काखेत आणि पोटाखाली हलकेच बोटं घालून बघा. तिथे झालेल्या केसांच्या गाठी कातडी ओढतात, दुखतं. आठवड्यातून दोन-तीनदा रुंद दातांचा धातूचा कंगवा फिरवा. गाठ कात्रीने मात्र कधीच कापू नका. पातळ कातडी गाठीबरोबर वर येते आणि तीच कापली जाते.