जुनी जग्वार एक्सजे-६ घ्यावी का? अनुभवींचा सल्ला हवा आहे

गोदाकाठ

नमस्कार मंडळी,

गेली नऊ वर्षे मी कोव्हेंट्रीजवळ राहतो. २००८ मध्ये जग्वार टाटांकडे आल्यानंतर आपल्याकडचे बरेच अभियंते या भागात आले, त्यांच्यापैकीच मी एक. जग्वारचा ब्राउन्स लेनचा जुना कारखाना मी येण्यापूर्वीच बंद झाला होता, पण तिथे घडलेल्या गाड्या अजूनही रविवारी सकाळी रस्त्यावर दिसतात, आणि त्यांतल्या १९६८ मध्ये बाजारात आलेल्या एक्सजे-६ ने माझ्या मनात घर केले आहे. जग्वारचे सहसंस्थापक सर विल्यम लायन्स यांच्या नजरेखाली आकाराला आलेल्या या गाडीचे चार गोल दिवे, रुंद बॉनेट आणि डिकीकडे निमुळती होत गेलेली पाठ पाहिली की मी आजही थांबून बघत राहतो.

या हौसेसाठी मी १८,००० पौंड बाजूला ठेवले आहेत. रोजच्या वापराची गाडी वेगळी आहे, घराला बंद गॅरेज आहे, आणि ही गाडी शनिवार-रविवारी व उन्हाळ्यातल्या सहलींना वापरायची आहे. पहिल्या मालिकेतली, म्हणजे १९७३ पर्यंतची गाडी घ्यावी असे मनात आहे. एका मित्राचे म्हणणे असे की, एवढ्या पैशात रोल्स-रॉईस सिल्व्हर शॅडोही मिळते, मग जग्वार का? पत्नीची हरकत नाही, मात्र वर्षाला खर्च किती येईल हे तिने स्पष्ट विचारले आहे आणि माझ्याकडे उत्तर नाही. ज्यांनी अशी गाडी स्वतः सांभाळली आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

जुना_पाना

माझ्याकडे अकरा वर्षांपासून १९७२ सालची ४.२ लिटरची एक्सजे-६ आहे. आधी तिचे सुख सांगतो, कारण ते ठाऊक नसेल तर पुढचा खर्च का सोसायचा हे कळणार नाही. डर्बीशायरच्या वळणावळणाच्या रस्त्यांवर ही गाडी ज्या शांतपणे चालते, ती शांतता मला कितीतरी नव्या गाड्यांतही मिळालेली नाही. माझी आई पुण्याहून आली की मागच्या आसनावर दहा मिनिटांत तिचा डोळा लागतो. मागच्या चाकांची सगळी जुळणी एका वेगळ्या चौकटीत असून ती चौकट रबरी आधारांवर गाडीच्या अंगाला टांगलेली आहे, त्यामुळे रस्त्याचा आवाज आत येतच नाही. डनलॉपने तर या गाडीसाठी मुद्दाम रुंद टायर तयार केले होते.

परंतु जी रचना हे सुख देते, तीच दुरुस्तीच्या वेळी हात पोळते. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नाहीत. ते आत, डिफरन्शियलला (इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणाऱ्या भागाला) लागून आहेत. ब्रेकच्या उष्णतेने डिफरन्शियलमधले तेल अडवणारी रबरी सील कडक होतात, मग तेल झिरपून थेट डिस्कवर येते आणि ब्रेकची पकड जाते. डिस्क बदलायच्या तर बहुतेक वेळा ती सगळी चौकट खाली उतरवावी लागते. माझ्या गाडीचे हे काम झाले तेव्हा सुट्या भागांपेक्षा मजुरीच कितीतरी जास्त झाली.

इंजिनाची मात्र फार धास्ती घेऊ नका. या गाडीतले जग्वारचे एक्सके इंजिन १९४८ पासूनचे आहे, त्याची माहिती असणारे कारागीर इंग्लंडात अजून आहेत आणि जवळजवळ प्रत्येक भाग मिळतो. गरम इंजिनात मिनिटाला ३,००० फेऱ्यांना तेलाचा दाब चौरस इंचाला ४० पौंडांच्या आसपास असावा. ब्लॉक लोखंडी आणि हेड ॲल्युमिनियमचे असल्यामुळे चांगला कूलंट वेळेवर बदललेला असणे फार महत्त्वाचे आहे. नुसते पाणी भरून वर्षे काढलेली गाडी आतून खाल्लेली असते. २.८ लिटरच्या वाटेला जाऊ नका, कारण त्या इंजिनात पिस्टनला भोके पडण्याची तक्रार सुरुवातीपासून होती.

खरी परीक्षा पत्र्याची आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्रा हाच सांगाडा आहे, म्हणून गंज लागला की प्रश्न दिसण्याचा राहत नाही, गाडीच्या मजबुतीचा होतो. दारांखालच्या सिल, मागच्या रेडिअस आर्मची (मागची चाके जागेवर धरणाऱ्या दांड्यांची) टोके जिथे बसवलेली असतात ती जागा, रेडिएटरखालचा आडवा पत्रा आणि चाकांच्या कमानी नीट पाहा. पेट्रोलच्या टाक्या दोन आहेत, मागच्या दोन्ही बाजूंना एकेक. झाकणाभोवतीचे पाणी वाहून नेणारी नळी तुंबली की त्याही खालून कुजतात. माझी पहिली एक्सजे मी एका विक्रेत्याकडून केवळ रंगाची झळाळी पाहून घेतली होती. सहा महिन्यांनी सिलवर स्क्रूड्रायव्हर टेकवला तर तो सरळ आत गेला, कारण तिथे पत्रा उरलाच नव्हता, जाळी आणि लांबी (पुटी) भरून वर रंग मारलेला होता. ती गाडी वाचवता आली नाही, आणि त्याचे दुःख मला आजही आहे. म्हणून चुंबक सोबत न्या, आणि गाडी उचलून खालून पाहू देत नसतील तर परत फिरा.

वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर असे : ब्रेकचे ते मोठे काम वगळता गेल्या पाच वर्षांत मला वर्षाला सरासरी २,००० पौंड लागले. त्यात तेल, टायर, विमा आणि छोटी-मोठी दुरुस्ती आली, पेट्रोल वेगळे. एका लिटरला पाच-साडेपाच किलोमीटर धरा. चाळीस वर्षांपुढील गाडीला रस्ताकर माफ आहे, मात्र त्यासाठी नोंद करून घ्यावी लागते. विमा घेताना गाडीची किंमत आधी ठरवून लेखी घ्या, नाहीतर अपघातानंतर हाती अपेक्षेपेक्षा बरेच कमी येऊ शकते. आणि १८,००० पौंड सगळेच्या सगळे खरेदीत घालू नका. किमान ४,००० पहिल्या वर्षासाठी राखून ठेवा.

चेशायरकर

सिल्व्हर शॅडो मी सहा वर्षे बाळगली, म्हणून तेवढ्यापुरते लिहितो. १९६५ ते १९८० या काळात चेशायरमधल्या क्रू गावी तयार झालेली ही गाडी आत बसल्यावर घरासारखी वाटते. लाकूड, कातडे आणि १९७० नंतरचे ६,७५० सीसीचे व्ही-८ इंजिन, सगळे मनाजोगते आहे. पण तिचे ब्रेक आणि मागची उंची राखणारी यंत्रणा उच्च दाबाच्या द्रवावर चालते, जिचे तंत्र सिट्रोएनकडून परवान्याने घेतलेले होते. त्यात आरआर-३६३ हाच द्रव घालावा लागतो, आणि रबरी नळ्या, ॲक्युम्युलेटर (द्रवाचा दाब साठवणारा भाग) व पंप यांची देखभाल जाणकाराकडूनच व्हावी लागते. स्वस्तात मिळणाऱ्या शॅडोमध्ये नेमके हेच काम कोणीतरी वर्षानुवर्षे टाळलेले असते. मन जग्वारवर असेल तर शॅडोकडे वळू नका.

पश्चिमवारा

रोव्हर पी५बीचाही विचार व्हावा. १९६७ ते १९७३ या काळातली, ३.५ लिटर व्ही-८ इंजिनाची ही गाडी ब्रिटिश पंतप्रधानांच्या दिमतीला होती. १९७९ मध्ये मार्गारेट थॅचर डाउनिंग स्ट्रीटवर आल्या त्या याच गाडीतून. रचना जग्वारपेक्षा साधी आहे, मागचे ब्रेक ड्रमचे आहेत आणि घरच्या घरी बरीच कामे करता येतात. गंजाची भीती हिलाही आहेच.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. जुना_पाना यांचा प्रतिसाद पत्नीला वाचून दाखवला आणि ४,००० पौंड वेगळे ठेवण्याचे तिने लगेच मान्य केले.

वुस्टरजवळ १९७१ सालची ४.२ लिटरची एक गाडी १३,५०० पौंडांना आहे. तिच्या एमओटी चाचण्यांचा (गाडी रस्त्यावर चालवण्यास योग्य आहे का हे तपासणाऱ्या चाचण्यांचा) इतिहास सरकारी संकेतस्थळावर पाहिला. २०१३ आणि २०१५ मध्ये डाव्या सिलच्या गंजाबद्दल ताकीद नोंदवलेली आहे, आणि चाळीस वर्षांवरील गाड्यांना २०१८ मध्ये सूट मिळाल्यापासून चाचणीच झालेली नाही. मालक सांगतात की सिल नव्या बसवल्या आहेत, पण त्या कामाची पावती त्यांना सापडत नाही. अशा वेळी काय करावे?

जुना_पाना

पावती नसेल तर काम झालेच नाही असे धरून चाला. सूट असली तरी चाचणी स्वेच्छेने करून घेता येते, तेव्हा ती तुमच्या खर्चाने करून देण्याची विनंती मालकांना करा. चाचणीच्या निमित्ताने गाडी वर उचललेली तुम्हालाही पाहायला मिळेल. सिल नव्या असतील तर वेल्डिंगचा सांधा आणि आतल्या बाजूला गंज रोखण्यासाठी लावलेले मेण दिसेल. शिवाय जग्वारच्या जुन्या नोंदी जपणाऱ्या जग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्टकडून प्रमाणपत्र मागवा, म्हणजे मूळ रंग आणि इंजिन क्रमांक जुळतात का ते कळेल. एक गोष्ट आवर्जून करा : तुम्ही पोहोचण्यापूर्वी इंजिन सुरू करू नका असे त्यांना आधीच सांगा. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना आतल्या टायमिंग साखळीचा (कॅमशाफ्ट फिरवणाऱ्या साखळीचा) खडखडाट ऐकू येतो का याकडे लक्ष द्या. खालची साखळी बदलायची म्हणजे इंजिन बाहेर काढावे लागते, आणि मग तुमचे राखून ठेवलेले ४,००० पौंड तिथेच संपतील.

गोदाकाठ

मालक चाचणीला तयार आहेत. शनिवारी सकाळी साडेनऊची वेळ मिळाली आहे. चुंबक घेतले आहे, टॉर्चही बरोबर ठेवतो. परत आलो की इथेच सविस्तर लिहितो.