फाइलवर "व्हेज" लिहिलं की झालं का?

प्रश्न
मी मेडिसिन वॉर्डला स्टाफ नर्स, नोकरीचं दुसरंच वर्ष. परवा संध्याकाळी सत्तरीच्या एक डायबेटिक आजी होत्या. फाइलवर आहार: "डायबेटिक, व्हेज". सव्वासातला जेवणाआधीचं इन्सुलिन दिलं, साडेसातला ट्रे आला. आजींनी हातच लावला नाही. "सूर्य मावळला ना गं. माझा चौविहार असतो." म्हणजे जैनांचं व्रत, सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीसुद्धा नाही! थोड्या वेळाने दरदरून घाम, शुगर 58. साखरेचं पाणी पुढे केलं तर तोंड घट्ट मिटलं. "शिरेतून काय द्यायचं ते दे, तोंडातून नको." डॉक्टरांनी डेक्स्ट्रोज सांगितलं, निभावलं. बोलणी मला बसली. हे आधी विचारायचं कसं? धर्म विचारला तर लोकांना खटकतं.

निवृत्त सिस्टर
बोलणी बसायलाच हवी होती, राग मानू नकोस. ट्रे समोर आल्याशिवाय आणि पेशंट खाणार हे कळल्याशिवाय ते इन्सुलिन टोचायचं नाही.
धर्म विचारूच नकोस, ताटाबद्दल विचार. काय चालत नाही? किती वाजल्यानंतर नाही? पाणी चालतं का? उपवास कधी? आणि शुगर उतरली तर काय चालेल, हे पेशंट शुद्धीत असतानाच विचारून फाइलवर लिही. आडनावावरून अंदाज बांधू नकोस, मी बांधलाय आणि तोंडघशी पडलेय. जेवण सूर्यास्ताआधी हवं असेल तर डोसची वेळ डॉक्टरांकडून बदलून घे.

फार्मासिस्ट
ताटापुरतं थांबू नका. बऱ्याच कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं, म्हणजे प्राण्याचं असतं. हेपॅरिन, म्हणजे रक्ताच्या गुठळ्या रोखणारं इंजेक्शन, सहसा डुकराच्या आतड्यापासून बनतं. काही पेशंटना दोन्ही चालतं, काहींना नाही. पर्याय आहे का ते आम्हाला विचारा. कॅप्सूल परस्पर फोडून मात्र देऊ नका, काही औषधं त्याने बिघडतात.

आहारतज्ज्ञ
"व्हेज" आणि "जैन" एक नव्हे. कांदा-लसूण काढला तरी बटाटा, गाजर राहतंच, आणि जैन जेवणात तेही चालत नाही. रोजा धरणाऱ्या डायबेटिक पेशंटशीही आधीच ठरवा: शुगर 70 च्या खाली गेली की रोजा सोडायचा. आजाऱ्याला कुराणात सवलत आहे, पण ती आपण ऐकवण्यापेक्षा त्यांच्या मौलानांनी सांगितलेली पटते.

प्रश्नकर्ती
काल आजींनाच विचारलं. म्हणाल्या, "साडेपाचला दे, सगळं खाते." डॉक्टरांनी वेळ बदलून दिली. आता किचनवाल्यांना पटवायचंय, ते सातच्या आधी गाडी हलवत नाहीत.